फिल्टरमधली गोळी: धूर तोच, ठसका तेवढा काढलेला

प्रश्न गंगाखेडकडच्या एका ताईंचा आहे. मुलगा १७ वर्षांचा, बारावी आणि नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहतो. सणाला घरी आला तेव्हा कपडे धुवायला काढताना त्याच्या बॅगेत तीन वस्तू निघाल्या. फिल्टरमध्ये मण्यासारखी गोळी असलेल्या बारीक सिगारेटींचं पाकीट, पेनड्राइव्हसारखा दिसणारा लायटर आणि बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी. विचारल्यावर तो म्हणाला, "आई, ही साधी सिगारेट नाही, मिंटची आहे. गोळीनं धूर सौम्य होतो आणि नळीत सगळी घाण अडकते." ताई विचारतात, हे खरं का? आणि त्याच्या वडिलांना सांगावं की नाही?

ताई, खरं नाही. लातुरात मी दातांचा दवाखाना चालवतो आणि त्याच्याच जोडीला तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन बरीच वर्षं करतो आहे. तुमच्या मुलाने सांगितलेलं वाक्य मी जवळजवळ याच शब्दांत अनेक पोरांकडून ऐकलं आहे. ती खोटं बोलत नसतात, त्यांना मनापासून तसंच वाटतं. आणि तसं वाटावं म्हणूनच या वस्तू बनवलेल्या असतात. तंबाखू जळल्यावर जो धूर होतो तो या सगळ्या नक्षीकामानंतरही तोच राहतो. कमी होतो तो ठसका, कपड्यांना येणारा वास आणि हातात सिगारेट धरताना वाटणारा संकोच. नवख्या माणसाला सिगारेटपासून दूर ठेवणाऱ्या ह्याच तीन गोष्टी. ज्याला वीस वर्षांची सवय आहे त्याला गोळी लागत नाही, नळी लागत नाही. ही सगळी मांडणी पहिल्या आठ-दहा सिगारेटींसाठी आहे.

मुलाला समोर बसवून त्यातली एक सिगारेट ब्लेडने उभी चिरा. मी दवाखान्यात हेच करतो, कारण भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. वरचा तपकिरी ठिपक्यांचा कागद बुचाच्या लाकडासारखा दिसतो. पूर्वी खरंच बुचाच्या सालीची टोकं लावत, आता फक्त छपाई उरली आहे. आत पांढरा बोळा असतो. पोरं त्याला कापूस म्हणतात, पण तो सेल्युलोज ॲसिटेटच्या हजारो बारीक धाग्यांचा गठ्ठा आहे, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. त्या बोळ्याच्या मधोमध साधारण ३ मिलिमीटरची निळी किंवा हिरवी गोळी सापडेल. चिमटीत दाबली की टक् असा आवाज होतो आणि बोटाला तेलकट थेंब लागतो. वास पुदिन्याचा, कधी बेरीचा. सगळी करामत एवढ्या थेंबात आहे. तो तंबाखूत मिसळत नाही, धुरातलं काही काढूनही घेत नाही. फिल्टरमधून जाणाऱ्या धुराला फक्त वास आणि गारवा देतो.

आता तोच तपकिरी कागद सोडवून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. बऱ्याच ब्रँडमध्ये टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्रांची एक रांग गोल फिरलेली दिसेल. ही छिद्रं लेसरने पाडतात. झुरका घेताना बाहेरची हवा त्यातून आत येते आणि धूर पातळ होतो. प्रयोगशाळेत सिगारेट ओढायचं यंत्र असतं. ते दर मिनिटाला एक, ३५ मिलिलिटरचा झुरका घेतं. त्या यंत्रावर छिद्रांच्या सिगारेटचे आकडे फार छान यायचे आणि त्या आकड्यांच्या जोरावर 'लाइट', 'माइल्ड' हे शब्द पाकिटावर आले. पण यंत्राला ओठ नाहीत आणि तलफ नाही. माणूस ती छिद्रं नेमकी बोटांनी किंवा ओठांनी झाकतो, आणि झाकली नाहीत तरी निकोटिन कमी पडलं की जास्त खोल आणि जास्त वेळा ओढतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारचा सार्वजनिक आरोग्याचा प्रमुख डॉक्टर) २०१४ च्या अहवालात याचा पुढचा भाग आहे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारचा फुफ्फुसाचा कर्करोग वाढला, आणि त्याचं कारण १९५० नंतर सिगारेटच्या घडणीत झालेले बदल हे आहे, असा निष्कर्ष तिथे काढलेला आहे. म्हणजे सौम्य म्हणून जे विकलं गेलं त्याने उलट नुकसानच केलं. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने ते शब्दच बंद केले.

मिंट गोळीबद्दल मुलाचं एक म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. धूर घशाला खरोखरच सौम्य लागतो. मेंथॉल आपल्या तोंडातल्या आणि घशातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. प्रत्यक्षात तापमान काही उतरत नाही, पण मेंदूला गार वाटतं आणि धुराची जळजळ त्याखाली दबते. पहिल्यांदा सिगारेट ओढणाऱ्याला खोकल्याची उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, तो शरीराचा नकार असतो. कित्येक पोरं त्या एका ठसक्यामुळे कायमची वाचतात. गोळी तो नकार गप्प करते. त्यातून टक् करून गोळी फोडण्याची जी गंमत आहे ती निराळीच. एक पोरगा मला सरळ म्हणाला, "सर, निस्ती फोडायची मज्या हाय." मला ते पटतं. सतरा वर्षांच्या हाताला असलं खेळणं दिलं तर तो खेळणारच. २००७ च्या सुमारास जपानच्या बाजारात अशा सिगारेटी आल्या, २००८ मध्ये अमेरिकेत आल्या आणि काही वर्षांत जगभर पसरल्या. युरोपीय संघाने मे २०२० पासून मेंथॉलच्या सिगारेटी बंद केल्या आणि फिल्टरमधल्या चवीच्या गोळ्यांनाही मनाई आहे. आपल्याकडे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापावा लागतो, पण चवीवर अशी बंदी नाही. ती व्हायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

लवंगेच्या सिगारेटबद्दल दंतवैद्य म्हणून थोडं जास्त सांगतो, कारण लातूर-नांदेडकडची पोरं 'ही तर आयुर्वेदिक' म्हणून ती दाखवतात. इंडोनेशियात तंबाखूत लवंग मिसळून सिगारेट करण्याची जुनी पद्धत आहे, तिला क्रेटेक म्हणतात. लवंगेच्या तेलातला मुख्य पदार्थ युजेनॉल. दाढेची कळ शमवायला आम्ही तो रोज वापरतो, कारण तो नस बधिर करतो. तोच पदार्थ धुरातून घशात गेला की घसा बधिर होतो आणि धूर जास्त खोल, जास्त वेळ आत ठेवता येतो. औषधाचा गुण इथे विष पोचवायला वापरला जातो. तुळस, गुलाबपाकळ्या भरून तंबाखूविना विकल्या जाणाऱ्या 'हर्बल' सिगारेटींत निकोटिन नसतं हे खरं, पण कुठलाही पाला जाळून धूर छातीत घेतला की कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर आलंच.

आता ती नळी. ऑनलाइन दहा-वीस नगांच्या पाकिटात मिळते. तिच्या आत बारीक भोकाची भिंत असते, धूर जोराने आपटतो आणि चिकट तपकिरी थेंब बाजूला साचतात. तीन-चार सिगारेटींनंतर ती नळी पोरं अभिमानाने दाखवतात, 'बघा सर, किती घाण निघाली.' घाण निघते, नाही असं नाही. पण कार्बन मोनॉक्साइड हा वायू आहे, तो कुठल्याही नळीत किंवा बोळ्यात अडकत नाही. आणि निकोटिन जरासं जरी कमी पोचलं तरी हात आपोआप पुढच्या सिगारेटकडे जातो. डोळ्यांना दिसणारी घाण माणसाला किती धीर देते हे सिगारेट कंपन्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. १९५३ साली आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीतला रसायनतज्ज्ञ क्लॉड टीग याने एक कल्पना कागदावर मांडली होती: फिल्टरमध्ये असा पदार्थ घालावा की धूर गेला की त्याचा रंग गडद होईल. त्याने जास्त काही गाळलं जाणार नव्हतं, पण ओढणाऱ्याला फिल्टर काम करतोय असं दिसणार होतं. त्याच काळात, १९५२ ते १९५६, केंट नावाची अमेरिकन सिगारेट 'मायक्रोनाइट' फिल्टर म्हणून आरोग्याची जाहिरात करत होती. त्या फिल्टरमध्ये निळं ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसाला घातक असं धाग्यांचं खनिज होतं. लोकांनी सुरक्षित समजून ते तोंडात धरलं, आणि ते फिल्टर तयार करणाऱ्या कामगारांना पुढे ॲस्बेस्टॉसचे आजार झाले. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला असली माहिती भीतीपेक्षा जास्त लागू पडते.

बारीक सिगारेटबद्दल एवढंच की ती हातात नाजूक दिसते, धूर कमी दिसतो, आणि म्हणून ती मोजणीत धरली जात नाही. मुलींच्या वसतिगृहांतही ती याच वाटेने शिरते. पाकीट झाकायला मिळणाऱ्या धातूच्या डब्या आणि रंगीत कव्हरं मला सगळ्यांत जास्त खटकतात. कर्करोगाचं चित्र रोज डोळ्यांसमोर यावं म्हणून कायद्याने जे केलं, ते दोनशे रुपयांच्या डबीने पुसलं जातं.

लायटरकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू दोन प्रकारची असू शकते. टोपण काढल्यावर आत तारेचं वेटोळं किंवा दोन-चार धातूची टोकं दिसली आणि तोंडाला लावायला भोक नसेल, तर तो चार्जिंगचा लायटर. एका टोकाला चपटं तोंड आणि भोक असेल, ओढल्यावर दिवा लागत असेल आणि गोड फळासारखा वास येत असेल, तर ती ई-सिगारेट, म्हणजे पोरांच्या भाषेत व्हेप. खडू, हायलायटर, पेन अशा रूपांत ती येते, आता तर छोटा स्क्रीन आणि गेम असलेलीही येते. बऱ्याच व्हेपमध्ये निकोटिन क्षाराच्या रूपात असतं. ते घशाला फारसं लागत नाही, त्यामुळे पोरगा दिवसभर किती निकोटिन ओढतो याचा त्याला पत्ताच नसतो. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळं बंद आहे. तरी ती आडमार्गाने मिळते. व्हेप निघाली तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, उपचार ठरवताना फरक पडतो.

गॅसचा लायटर असेल तर धोका वेगळा. पिस्तूल, गाडी, कार्टूनच्या आकाराचे लायटर लहान लेकरांना खेळणं वाटतात. युरोपीय संघाने २००६ च्या निर्णयाने असे लायटर बाजारात आणायला बंदी केली, ती याच कारणाने. घरात धाकटी भावंडं असतील तर ती वस्तू आजच बाहेर काढा. शिवाय ५० अंशांच्या वर ठेवू नका असं लायटरवरच छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीतल्या खिडकीत हा पारा सहज गाठला जातो, आणि लायटर फुटतो.

तुम्ही म्हणाल, आपल्या भागात सिगारेट ओढणारे असे किती? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि न जाळता तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. माझ्या खुर्चीवर रोज बसतात ते तंबाखू-चुना, मावा, गुटखा, मिश्रीवाले. तोंड दोन बोटंही न उघडणारी पंचविशीची पोरं मी बघतो. तरीही या गोळीच्या सिगारेटीला मी किरकोळ मानत नाही. जो मुलगा माव्याच्या वासाने नाक मुरडतो, घरात कुणी बिडी ओढली तर उठून जातो, असा नाकासमोर चालणारा, अभ्यासू मुलगा हिच्या तावडीत सापडतो. त्याला ती तंबाखू वाटतच नाही.

आता मुलाशी बोलायचं कसं. 'तुला माझी शप्पथ' म्हणू नका. शपथ घातली की मुलगा सिगारेट सोडत नाही, तुमच्यापासून लपवायला शिकतो. तीन गोष्टी शांतपणे विचारा: सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते, दिवसाला किती होतात, आणि बरोबर कोण असतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर शरीराला सवय जडली आहे असं समजा. आठवड्यातून दोन-चार आणि त्याही मित्रांसोबत असतील, तर बहुतेक वेळा समुपदेशन पुरतं. तो एक गोष्ट नक्की सांगेल, 'ओढल्यावर अभ्यासात मन लागतं.' झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, त्यामुळे बरं वाटतं हे खरं. पण सवय जडल्यावर ओढण्याआधी जी बेचैनी वाटते, ती आधीच्या सिगारेटचं निकोटिन उतरल्यामुळेच आलेली असते. ट्यूशन एरियातल्या मुलांना मी विचारतो, सिगारेट सुरू करण्याआधी रात्री किती तास एका जागी बसत होतास? उत्तर देताना त्यांचं त्यांनाच कळतं.

वडिलांना सांगा. हे ओझं एकटीने वाहायचं नाही. पण सांगताना मुलाला आधी कल्पना द्या, त्याच्या पाठीमागे सांगू नका, आणि वडिलांनी हात उगारायचा नाही हे आधी ठरवून घ्या. वडील स्वतः तंबाखू मळत असतील (आपल्या घरांमध्ये ही शक्यता मोठी असते), तर मुलगा पहिल्याच मिनिटाला ते तोंडावर फेकेल आणि तो चूक नसेल. अशा वेळी बापलेकांना मी एकत्र बोलावतो. दोघांची सोडण्याची तारीख एकच ठेवतो. बाप सोडायला तयार झाला की मुलाचा अर्धा राग तिथेच संपतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

टपरीवाल्याचंही बघा. १८ वर्षांखालच्याला सिगारेट विकणं आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत विकणं २००३ च्या कोटपा या तंबाखू नियंत्रणाच्या कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खोलीमालक आणि आजूबाजूचे पालक मिळून गेलात तर एकटीने भांडण्यापेक्षा लवकर काम होतं.

उपचाराचं सांगतो. १८००-११-२३५६ ही पाकिटावरच छापलेली मोफत राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारा फोन नंबर आहे. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर सोडण्यासाठीचे संदेश सुरू होतात. जिल्हा रुग्णालयांत आणि दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं आहेत, तिथे मुलाला एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत जड जातो: चिडचिड, झोप मोडणं, सारखी भूक. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. म्हणून तारीख चाचणी परीक्षेच्या आठवड्यात धरू नका, आणि ते तीन दिवस तो घरी राहील असं बघा. चव आणि टक् आवाजाची सवय तोंडाला आणि बोटांना लागलेली असते, तेव्हा खिशात बडीशेप, आवळासुपारी, लवंग काहीतरी राहू द्या. मिंटची च्युइंगगम मात्र नको, तोच गारवा सिगारेटची आठवण काढतो.

तलफ शमवायला मिळणारी निकोटिनची चावायची गोळी (गम) दुकानातून स्वतः आणून देऊ नका. तो १८ च्या आत आहे, ती गरज आहे का आणि किती ताकदीची, हे डॉक्टर ठरवतील. दिलीच तर खायची पद्धत नीट समजून घ्या. ती साध्या गमसारखी सतत चघळायची नसते. हळूहळू चावायची, झणझणलं की गालात दाबून ठेवायची, झणझण गेली की पुन्हा थोडी चावायची, असं साधारण अर्धा तास. आणि त्याआधी १५ मिनिटं चहा-कॉफी घ्यायची नाही, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषलंच जात नाही आणि पोरगा म्हणतो की गोळीचा काही उपयोग झाला नाही.